प्रेसच्या जुन्या मशीनची १६० जीबीची डिस्क मोठ्या डिस्कवर न्यायचीय – एक्सपी, पेजमेकर, डोंगल सगळ्यासकट

खिळेजुळारी – सोमवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईत आमचा लहानसा छापखाना आहे. बाबा खिळे जुळवायचे, नंतर ट्रेडल आलं, मग ऑफसेट. २००८ साली डीटीपीसाठी एक मशीन असेंबल करून घेतलं. ते अजून चालू आहे आणि प्रश्न त्याचाच आहे.

कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, १६० जीबीची साटा डिस्क, विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३. त्यावर पानं जुळवायला पेजमेकर ७, कोरल ११, फोटोशॉप ७ आणि मराठी अक्षरांसाठी श्री-लिपी. श्री-लिपीचं डोंगल, म्हणजे जी लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही ती किल्ली, मागच्या प्रिंटर पोर्टला आहे. त्याचं पांढरं प्लास्टिक हळदीसारखं पिवळं पडलंय आणि एका बाजूचा स्क्रू गेल्यामुळे बाबांनी ते पत्रिकेच्या रेशमी दोऱ्यानं बांधून ठेवलंय. ती गाठ सोडायची हिंमत आजवर कुणी केलेली नाही.

सी ड्राइव्ह ३० जीबीचा, त्यात ४०० एमबी उरलेत. डी आणि ई साधारण साठ-साठचे, तेही गच्च. फोटोशॉपमध्ये मोठा फ्लेक्स उघडला की जागा नाही म्हणतं. त्यात आठ दिवसांपासून सकाळी चालू करताना डिस्कमधून टक्, टक्, टक् असा आवाज येतो, मिनिटभर काहीच होत नाही आणि मग एक्सपी उघडतं. काल एक पत्रिका सेव्ह करताना दहा मिनिटं अडकली.

नवीन कॉम्प्युटर का घेत नाही, असं सगळेच विचारतात. सतरा वर्षांच्या पत्रिका, पावती पुस्तकं, शाळांचे अहवाल, जत्रेची हँडबिलं यातच आहेत. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "थोरल्याच्या लग्नात होती तशीच पत्रिका काढा." पेजमेकरच्या फाइलींत फोटोंचे पत्ते ई ड्राइव्हचे आहेत. एका सॉफ्टवेअरची सीडी ओरखडली आहे.

आणि एक गोष्ट पैशात मोजता येत नाही. १९९८ साली मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात बाबांनी आजूबाजूच्या गावांतल्या स्वातंत्र्यसैनिकांकडे बसून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या, स्वतः जुळवल्या आणि स्मरणिका छापली. त्या फाइली आधीच्या मशीनवरून या मशीनवर आल्या. बोलणाऱ्यांपैकी आज कुणीच नाही. छापील प्रत एकच उरलीय, तिला वाळवी लागलीय.

लातूरहून १ टीबीची नवी डिस्क आणलीय. दोन्ही डिस्क जोडून विंडोजमधूनच एखादं क्लोनिंगचं, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल काढायचं, सॉफ्टवेअर चालवावं असा विचार आहे. बरोबर आहे का? लगीनसराई चालू आहे, मशीन जास्त दिवस बंद ठेवता येणार नाही.

बालाघाटी – सोमवार, रात्री ९.४१

ताई, आधी मशीन बंद करा. उद्या सकाळी "एवढी एक पत्रिका काढते" म्हणूनसुद्धा चालू करू नका.

टक् टक् म्हणजे डिस्कचं वाचणारं डोकं आपली जागा शोधतंय, सापडत नाही म्हणून मागं जाऊन पुन्हा येतंय. अशा डिस्कवर विंडोज चालू करणं म्हणजे तिला दर सेकंदाला इकडून तिकडं पळवणं. एक्सपी काही न करता नुसतं बसलेलं असलं तरी लॉग लिहितं, पेज फाइल हलवतं. डिस्कमध्ये जो काही दम उरलाय तो फक्त नक्कल काढण्यात खर्च व्हायला पाहिजे.

हुरडा – सोमवार, रात्री १०.०५

आमच्याकडं परभणीत एक जण डिस्क पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचा, सकाळी चालायची म्हणे. करून बघायला काय हरकत आहे? इथं तर ४२ अंशाचं ऊन चालू आहे.

मांजराकाठ – सोमवार, रात्री १०.१८

फ्रीजर नको. बाहेर काढल्यावर आत दव धरतं. डोकं आणि तबकडी यांच्यातलं अंतर केसापेक्षा कितीतरी कमी असतं, तिथं पाण्याचा थेंब म्हणजे डिस्क संपली. उन्हाचा मुद्दा मात्र खरा आहे. बहुतेक घरगुती डिस्कना चालताना ६० अंशांपर्यंतची मर्यादा असते. बंद कॅबिनेटमध्ये, पत्र्याच्या खोलीत, भर दुपारी तिथं पोचायला वेळ लागत नाही. काम रात्री करा, डिस्क कॅबिनेटच्या बाहेर मोकळी ठेवा आणि टेबल फॅनचं वारं द्या. कूलरचं ओलं वारं देऊ नका.

खिळेजुळारी ताई, सविस्तर उद्या सकाळी लिहितो. तोवर मशीन बंद.

मांजराकाठ – मंगळवार, सकाळी ७.१०

आता सविस्तर. वीस वर्षं हेच काम करायलोय, त्यामुळं थोडं लांबेल.

विंडोजमधून क्लोनिंग करायचा तुमचा बेत चांगल्या डिस्कसाठी ठीक होता. तुमच्या डिस्कसाठी तो चुकीचा आहे. क्लोनिंगची साधी सॉफ्टवेअरं खराब सेक्टर (डिस्कवरचा लहानसा कप्पा) आला की एकतर थांबतात, नाहीतर त्याच जागेवर पुन्हा पुन्हा डोकं आपटत बसतात. आजारी डिस्कला तिथंच जास्त मार बसतो.

इथं जीएनयू डीडीरेस्क्यू लागतो. फुकट आहे, लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालतो. त्याची रीत शेतकऱ्यासारखी आहे: आधी मोकळं रान कापून घ्यायचं, काटेरी बांध शेवटी. पहिल्या फेरीत सहज वाचता येईल तेवढं सगळं उचलतो, अडलं की तो भाग सोडून पुढं उडी मारतो. सोडलेल्या जागांची नोंद एका नकाशा फाइलमध्ये ठेवतो. मग त्या जागांच्या कडा छाटत आत जातो आणि शेवटी सेक्टर-सेक्टर खरवडतो. नकाशा फाइल असल्यामुळं मध्येच लाइट गेली तरी काम होतं तिथूनच पुढं चालू होतं. आपल्या भागात ही फार मोठी गोष्ट आहे.

नक्कल थेट नव्या १ टीबीवर काढू नका. तिसऱ्या एका डिस्कवर, म्हणजे बाहेरून लावायच्या एखाद्या मोठ्या डिस्कवर, अख्ख्या १६० जीबीची एकच इमेज फाइल बनवा, म्हणजे सगळी डिस्क जशीच्या तशी एका फाइलीत. ती डिस्क फॅट३२ असेल तर चालणार नाही, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ करून घ्या. मग त्या इमेजवरून नवी डिस्क लिहा. पुढं काही बिघडलं तरी इमेज शाबूत राहते आणि जुन्या डिस्कला पुन्हा हात लावावा लागत नाही. चेक डिस्क, विभाग मोठे करणं, दुरुस्ती, जे काय असेल ते नकलेवर. मूळ डिस्कवर वाचनाशिवाय काहीच नाही.

हे सगळं तुमच्या मशीनवर नको, दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर करा. त्याला यूपीएस पाहिजेच.

गोदाकाठचा – मंगळवार, सकाळी ८.३३

मांजराकाठ सरांच्या म्हणण्यात एक भर. हे मी स्वतः भोगलंय म्हणून लिहितो.

लिनक्समध्ये डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं मिळतात. ती कायमची नसतात, मशीन पुन्हा चालू केलं की अदलाबदल होऊ शकते. २०१५ साली माझ्या धाकट्या भावाचा सगळा डेटा वाचवायला बसलो होतो. संध्याकाळी नावं बघून कागदावर लिहून ठेवली. जेवून आलो तर लाइट जाऊन आलेली, मशीन पुन्हा चालू केलं आणि कागदावर बघून तीच आज्ञा दिली. नावं उलटली होती. रिकामी नवी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरली. त्याच्या लेकीचे बारशापासूनचे फोटो होते. पहिल्या काही मिनिटांत जे पुसलं गेलं ते कुणालाच परत आणता आलं नाही.

म्हणून नावावर जाऊ नका. प्रत्येक वेळी डिस्कचा आकार आणि वरच्या लेबलवरचा सिरीयल नंबर पडद्यावर ताडून बघा. १६० कुठली, १ टीबी कुठली, हे मोठ्यानं वाचा. शेजारी कुणाला तरी बसवा आणि त्यालाही वाचायला लावा. मगच एंटर.

खिळेजुळारी – मंगळवार, दुपारी १.४५

वाचून पोटात गोळा आला. सगळ्यांचे आभार. भाचा लातूरला इंजिनिअरिंगला आहे, तो आज संध्याकाळच्या बसनं येतोय. त्याच्याकडं २ टीबीची बाहेरून लावायची डिस्क आहे. त्याचं स्वतःचं मशीन आमच्या घरीच असतं, त्यावर करू. जुनी डिस्क आज बाहेर काढली. डोंगलला हात लावला नाही.

एक शंका. नक्कल झाली तरी श्री-लिपी डोंगलमुळे अडेल का? आणि डिस्क बदलली म्हणून एक्सपी पुन्हा ॲक्टिव्हेशन मागेल का? आता ते कसं करणार?

बालाघाटी – मंगळवार, दुपारी २.२०

डोंगल प्रिंटर पोर्टवर आहे, म्हणजे लायसन्स डोंगलमध्ये आहे, डिस्कमध्ये नाही. बोर्ड तोच, पोर्ट तोच, मग त्याला काही कळणारही नाही.

ॲक्टिव्हेशनचंही तसंच. एक्सपी बऱ्याच भागांची मिळून खूण धरतं, एकट्या डिस्कवर अडत नाही. त्यात सी ड्राइव्हचा जो क्रमांक धरतं तो सेक्टर-टू-सेक्टर नकलेत जसाच्या तसा येतो.

वेरूळ_लेणं – मंगळवार, दुपारी ४.०२

मी संभाजीनगरहून. इमेज बनवायलाच लागलात तर ती व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा की. नव्या लॅपटॉपवर खिडकीत एक्सपी उघडेल, जुन्या लोखंडाची गरजच नाही. आणि डिस्क घ्यायचीच होती तर १ टीबी का घेतली? ४ टीबी घेतली असती तर पुढची वीस वर्षं बघायला नको.

मांजराकाठ – मंगळवार, दुपारी ४.४०

४ टीबी बरं झालं घेतली नाही. ३२ बिटचं एक्सपी एमबीआर पद्धतीनं विभाग ओळखतं. त्यात सेक्टरचा पत्ता ३२ बिटांचा असतो. ५१२ बाइटच्या सेक्टरनं गुणलं की साधारण २.२ टीबी येतं, त्याच्या पुढचं त्याला दिसतच नाही. १ टीबी अगदी बरोबर आहे. विंडोजमध्ये ती ९३१ जीबी दिसेल, दुकानदारानं फसवलं असं समजू नका. तो १००० नं मोजतो, विंडोज १०२४ नं.

व्हर्च्युअलचं म्हणणं वाईट नाही, पण प्रिंटर पोर्टचं डोंगल तिथं आडवं येतं. लॅपटॉपला तो पोर्ट नाही. यूएसबीची जी वायर बाजारात मिळते ती प्रिंटरपुरतीच असते, डोंगल तिच्यातून ओळखलं जात नाही. नुसत्या जुन्या फाइली उघडून बघायला मात्र ती सोय करून ठेवावी.

खिळेजुळारी – बुधवार, पहाटे ५.५०

रात्रभर जागलो. कसं झालं ते सगळं लिहिते.

आधी भाच्यानं डिस्कची तब्येत बघितली, स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या बिघाडांची जी नोंद ठेवते ती. ५ नंबरच्या ओळीत ३८, म्हणजे एवढे सेक्टर आधीच बदलून घेतलेले. १९७ नंबरच्या ओळीत ९६, म्हणजे एवढे वाचायचे अडलेत. १९९ शून्य, म्हणजे वायरचा दोष नाही. मग सिरीयल नंबर मी वाचला, त्यानं वाचला, आईनंही चष्मा लावून वाचला. नंतरच एंटर दाबलं.

सुरुवात झकास झाली. एका मिनिटाला तीन-साडेतीन जीबी जायलं होतं. बाराच्या सुमाराला ४१ टक्क्यांवर वेग एकदम पडला आणि टक् टक् सुरू झालं. डिस्क टेबलावर उलट्या ताटलीवर ठेवली होती, वरून फॅन. माझा हात आपोआप तिच्याकडं गेला, तर भाचा म्हणाला, "मावशी, हलवू नको." थोड्या वेळानं तिनं तो भाग सोडला आणि पुन्हा सुरळीत चालायला लागली. दीड वाजता लाइट गेली. यूपीएसनं वीस मिनिटं धरलं, आम्ही कंट्रोल-सी करून नीट थांबवलं. पावणेतीनला लाइट आली. सिरीयल नंबर पुन्हा सगळ्यांनी वाचले. खरंच नावं बदलली होती! गोदाकाठच्या दादा, तुमची पोस्ट वाचली नसती तर आज मी इथं काही लिहिण्याच्या अवस्थेत नसते.

नकाशा फाइल दिली आणि जिथं थांबलं होतं तिथूनच पुढं चालू झालं. पहाटे साडेपाचला पडद्यावर असं होतं: १,६०,०४,१८,८५,६९६ बाइटपैकी न वाचलेले ४६,५९२. म्हणजे ९१ सेक्टर. तीन फेऱ्या करूनही तेवढे आले नाहीत.

हे ९१ सेक्टर कुठल्या फाइलींतले ते कसं कळणार? स्मरणिकेतले असले तर?

मांजराकाठ – बुधवार, सकाळी ७.३०

ताई, १६० जीबीमधले ४६ केबी. छान काम झालंय. जुनी डिस्क आता काढून ठेवा, तिला झोपू द्या.

फाइली शोधायची एक युक्ती डीडीरेस्क्यूमध्येच आहे. त्याला भरण्याचा एक पर्याय आहे. नकाशा फाइल आणि एक खुणेचं वाक्य दिलं की न वाचलेल्या जागांवर, आणि फक्त तिथंच, तो ते वाक्य लिहितो. पण आधी इमेजची आणखी एक प्रत काढा आणि हे त्या प्रतीवर करा, मूळ इमेजवर नको. वाक्य असं घ्या की जे कुठल्याच खऱ्या फाइलमध्ये असणार नाही. मग प्रत फक्त वाचण्यापुरती उघडून सगळ्या फाइलींत ते वाक्य शोधा. ज्यांत सापडेल त्या दुखावल्या. कुठंच सापडलं नाही तर ते सेक्टर रिकाम्या जागेतले किंवा खुद्द एनटीएफएसच्या नोंदींतले.

खिळेजुळारी – बुधवार, रात्री ८.१५

सापडलं. तीन फाइली. २०११ सालची एक लग्नपत्रिका, बाजारपेठेतल्या एका दुकानाच्या पावती पुस्तकाचं कोरल, आणि विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधला एक फॉन्ट. स्मरणिकेच्या बाविसाच्या बावीस फाइली धडधाकट आहेत. बाबांना सांगितलं तर ते काही बोलले नाहीत, उठून देवघरात गेले.

फॉन्ट मात्र नेमका तोच आहे ज्यात आमच्या निम्म्या पत्रिकांची नावं आहेत. भाच्यानं ओरखडलेली सीडी ओल्या मऊ कापडानं मधून बाहेर अशी पुसली, गोल गोल नाही. तिच्यावरची ती एक फाइल अख्खी वाचली गेली. बाकीची सीडी वाचते की नाही ते नंतर बघू.

आता इमेज नव्या १ टीबीवर लिहायला लावलीय. पुढं काय काळजी घ्यायची?

मांजराकाठ – बुधवार, रात्री ९.००

पहिल्यांदा चालू करताना मशीनमध्ये फक्त नवी डिस्क. जुनी जोडलेली नको, अगदी "बघायला" म्हणूनसुद्धा नको.

पहिल्या सेक्टरमध्ये चार बाइटची एक सही असते, तिच्यावरून विंडोज डिस्क ओळखतं. नकलेत सही तीच येते. दोन्ही डिस्क एकदम लावल्या तर एक्सपीला एकाच सहीच्या दोन डिस्क दिसतात, मग ते एकीची सही बदलतं आणि ड्राइव्हची अक्षरं हलतात. एका पतसंस्थेत मी हे पाहिलंय. वेलकम येतं, पासवर्ड घेतं आणि लगेच बाहेर टाकतं, कारण ज्याला ते सी समजून आत जायला बघतंय तो सी राहिलेलाच नसतो. दोन दिवस गेले त्यात.

आधी जसंच्या तसं चालू होतंय का बघा. विभाग मोठे करायचं नंतर.

खिळेजुळारी – गुरुवार, सकाळी १०.२५

निळा पडदा! एक्सपीचा लोगो येतो, पट्टी दोनदा सरकते आणि निळा पडदा येऊन मशीन पुन्हा चालू होतं. भाच्यानं मोबाइलवर व्हिडिओ काढून थांबवून बघितलं, स्टॉप कोडच्या शेवटी ७बी आहे. नक्कल चुकली का?

बालाघाटी – गुरुवार, सकाळी १०.३१

घाबरू नका. ७बी म्हणजे एक्सपीला बूट डिस्कपर्यंत पोचता येईना. लोगो आला म्हणजे सुरुवातीचं वाचन बायोसकरवी, म्हणजे बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामकरवी, नीट झालंय. पुढं स्वतःचा ड्रायव्हर लावायच्या वेळी अडलंय.

एक सांगा, मशीन किती दिवस प्लग काढून ठेवलं होतं? आणि चालू केल्यावर घड्याळ, तारीख बरोबर होती का?

खिळेजुळारी – गुरुवार, सकाळी १०.४४

मंगळवारपासून प्लग काढलेलाच होता. तारीख १ जानेवारी २००८ दाखवतंय.

बालाघाटी – गुरुवार, सकाळी १०.५२

मग सापडलं. बोर्डावरचा सेल मेलाय. इतकी वर्षं प्लग लावलेला असायचा म्हणून कळलं नाही. सेल नसताना प्लग काढला, तर बायोसची सगळी सेटिंग कारखान्यातली झाली. तुमच्या बोर्डावर साटा डिस्कशी बोलायची पद्धत आपोआप एएचसीआय झाली असणार. एक्सपीमध्ये मुळात एएचसीआयचा ड्रायव्हर नसतो. तुमचं एक्सपी आयडीई पद्धतीवर बसवलेलं आहे.

बायोसमध्ये जाऊन साटा मोड आयडीई करा. प्रिंटर पोर्टचा मोडही बघा, तोही बदललेला असू शकतो आणि डोंगल रुसेल. आणि सीआर२०३२ सेल आणून बसवा, घड्याळवाल्याकडं मिळतो.

खिळेजुळारी – गुरुवार, दुपारी १२.४०

उघडलं!! तेच डेस्कटॉप, तोच योगेश्वरी देवीचा फोटो, चिन्हं सगळी जागच्या जागी. नवा सेल बसवला. पोर्टचा मोड बदलला नव्हता, श्री-लिपी पहिल्या झटक्यात सुरू झाली. पेजमेकर आधी अर्धा मिनिट घ्यायचं, आता आठ सेकंदांत उघडलं. सीडीवरचा फॉन्ट टाकला आणि बाबांनी त्या फॉन्टमधली एक जुनी पत्रिका प्रिंट काढून भिंगातून बघितली. रकार, जोडाक्षरं, ळ, सगळं नीट.

आता मोठं करायचं आहे. भाचा म्हणतो जीपार्टेड या विभाग लहान-मोठे करायच्या सॉफ्टवेअरनं सी १०० जीबीचा करू, डी आणि ई पुढं सरकवू. आणि त्यानं वाचलंय की नव्या डिस्क आतून ४ केबीच्या सेक्टरच्या असतात, एक्सपीचा विभाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू होतो, तो २०४८ वर न्यायला पाहिजे, नाहीतर लिहिताना मंद चालतं.

मांजराकाठ – गुरुवार, दुपारी २.१५

भाच्याचं वाचन बरोबर आहे, पोरगं हुशार आहे. तरी या मशीनवर मी ते करणार नाही.

एक्सपी ड्राइव्हची अक्षरं लक्षात ठेवतं ती दोन गोष्टींवरून: डिस्कची सही आणि विभाग कुठून सुरू होतो ती जागा. सुरुवात हलवली की त्याच्या लेखी तो विभाग नवा. डी, ई ची अक्षरं बदलली तर पेजमेकरमधल्या फोटोंचे सगळे पत्ते तुटतील. आणि सी ची सुरुवात हलली तर मी काल सांगितलं ते, वेलकमवरून परत बाहेर. रजिस्ट्री दुरुस्त करून मार्ग निघतो, पण लगीनसराईत तो उद्योग कशाला? लिहिण्याचा वेग थोडा कमी पडेल. सतरा वर्षं जुन्या डिस्कपेक्षा ती तरीही पळते, तुम्ही आत्ताच बघितलंत.

सुरुवात कुणाचीच हलवू नका. ई सगळ्यात शेवटी आहे. जीपार्टेडमध्ये आधी एक्सटेंडेड विभागाचं शेवटचं टोक डिस्कच्या टोकापर्यंत ओढा, मग त्यातल्या ई चं. ५९ जीबीचा ई साधारण ८४० जीबी होईल, आणि सी, डी जागचे हलणार नाहीत. नंतर एक्सपी चालू करताना स्वतःहून चेक डिस्क करेल, ते पूर्ण होऊ द्या.

सी मधली जागा अशी मोकळी होईल: पेज फाइल ई वर न्या. हायबरनेशन बंद करा, रॅमएवढी म्हणजे २ जीबी तिथंच सुटेल. फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क, म्हणजे काम करताना ते वापरतं ती तात्पुरती जागा, ई करा. प्रिंटचं स्पूल फोल्डरही तिकडंच. विंडोज फोल्डरमधले जुन्या अपडेटचे अनइन्स्टॉल फोल्डर आता कधीच लागणार नाहीत, ते काढा.

वेरूळ_लेणं – गुरुवार, संध्याकाळी ६.३०

माझी सूचना इथं लागू पडली नाही, पण एक विनंती. ते मशीन इंटरनेटला लावू नका. एक्सपीला सुरक्षेची नेहमीची अपडेट मिळणं ८ एप्रिल २०१४ लाच थांबलं. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर तपासून घ्या.

आणि स्मरणिकेचं आत्ताच काहीतरी करा. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात नाही, त्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत आहे. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तो नुसती इंग्रजी खिचडी दिसतो, गूगलला सापडत नाही, शोधता येत नाही. पेजमेकरच्या फाइली इनडिझाइन सीएस६ पर्यंत उघडायच्या, त्यानंतरच्या सीसीमध्ये ती सोय काढली. म्हणजे वाट दरवर्षी अरुंद होतेय. आधी सगळ्याचं पीडीएफ काढा, पानं जशी छापली तशी राहतील. मग मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदललेल्या मजकुरात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास चुकीच्या जागी जाते, ते कुणीतरी ओळ-ओळ वाचूनच काढावं लागतं.

आमच्या गावाकडच्या दोन म्हाताऱ्या माणसांच्या रझाकारांच्या काळातल्या गोष्टी मी लहानपणी ऐकल्या होत्या. कुणीच लिहून ठेवल्या नाहीत. तुमच्या बाबांनी लिहून ठेवल्यात. मी प्रुफं वाचून देतो, पानं पाठवा.

हुरडा – गुरुवार, रात्री ९.१०

मीपण वाचीन. परभणीकडच्या गावांची नावं, आडनावं कळायला बरं पडेल.

खिळेजुळारी – रविवार, सकाळी ११.००

उशिरा लिहितेय, तीन दिवसांत चौदा पत्रिका निघाल्या.

ई आता ८४१ जीबी आहे. चेक डिस्कनं पाऊण तास घेतला, काही तक्रार केली नाही. सी वर सव्वासात जीबी मोकळी झाली. त्या दोन दुखावलेल्या फाइलींपैकी पावती पुस्तक कोरलमध्ये उघडलं, फक्त लोगो गेला होता, तो नव्यानं काढला. २०११ ची पत्रिका उघडतच नाही. त्या घरी फोन केला, त्यांच्याकडं छापलेली पत्रिका जपून ठेवलेली आहे.

आमच्या गावात दासोपंतांची पासोडी आहे. कापडावर हातानं लिहिलेली, चारशे वर्षं झाली, अजून वाचता येते. लहानपणी बाबा ती दाखवायला न्यायचे. परवा रात्री त्या ताटलीवरच्या डिस्ककडं बघताना तीच आठवत होती.

इमेज फाइल आता दोन ठिकाणी आहे. एक भाच्याबरोबर लातूरला गेली, एक इथं कपाटात. जुनी डिस्क बटर पेपरमध्ये गुंडाळून, तारीख आणि "९१ सेक्टर खराब, चालू करू नये" असं लिहून डब्यात ठेवलीय. स्मरणिकेच्या बावीस फाइलींचं पीडीएफ झालं. युनिकोड करायला घेतलंय, पहिल्या प्रकरणात रफार बत्तीस ठिकाणी चुकलाय. हुरडा दादा आणि वेरूळ दादा, पहिली सोळा पानं आज रात्री पाठवते.

मांजराकाठ – रविवार, सकाळी ११.२०

बटर पेपरच्या आत अँटिस्टॅटिक पिशवी घाला, नव्या डिस्कसोबत आलेली असेल ती चंदेरी. डब्यात चुंबकाचं झाकण नको.

खिळेजुळारी – रविवार, सकाळी ११.३४

घातली. डबा फराळाचाच आहे, स्टीलचा, साध्या झाकणाचा.